ओठ सुजला आणि सुंगटांवर आळ आला

वाचकाचं पत्र, थोडक्यात: डिचोली तालुक्यातल्या एका बालवाडी शिक्षिकेने लिहिलंय. वय 54. मे महिन्यात त्या धाकट्या जावेकडे रात्री जेवायला गेल्या होत्या, बेत सुंगटांच्या (कोळंबीच्या) हुमणाचा, म्हणजे कालवणाचा होता. सकाळी उठून आरशात बघतात तर वरचा ओठ टम्म सुजलेला. जवळच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दोन दिवसांत सूज उतरली. घरात निकाल लागला: सुंगटांची ॲलर्जी. तेव्हापासून सुंगटं बंद. पण श्रावणात, घरात मासळीच नसताना, खालचा ओठ एका बाजूने सुजला. सासूबाई म्हणाल्या, भांड्याला लागलं असेल. मग ताट-वाटी वेगळी झाली. चवथ (गणेश चतुर्थी) होऊन गेल्यावर तिसऱ्यांदा तेच. खाज नाही, अंगावर पित्त उठत नाही. ओठ ताठरतो, आणि मुलांसमोर तोंड उघडायची लाज वाटते. दीडशे पदार्थांची ॲलर्जी एका फटक्यात कळते अशी रक्ततपासणी करून घेऊ, असं यजमान म्हणतात. खर्च बराच आहे. बीपीची गोळी चार वर्षं आणि साखरेची एक गोळी एप्रिलपासून चालू आहे, “बाकी कसलं औषध नाही.” जाऊ दुखावलीय, घरी बोलवायचं तिने थांबवलंय. तपासणीवर पैसे घालावेत का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

आत्ता घालू नका. का, ते सविस्तर सांगते. त्याआधी एक गोष्ट तुमच्या घरातल्या प्रत्येकाने पाठ करून ठेवायला हवी.

ओठाच्या सुजेबरोबर जीभ जड व्हायला लागली, आवाज घोगरा झाला, लाळ गिळता येईना, श्वास घेताना आवाज यायला लागला, चक्कर आली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर 108 ला फोन करायचा. ॲलर्जीची सेट्रिझिन घेतलीय, अर्धा तास वाट बघू, असं तेव्हा करायचं नाही. तीव्र ॲलर्जी असेल तर मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनॅलिनच उपयोगी पडतं, तोंडाने घ्यायची कुठलीही गोळी त्याची जागा घेत नाही. आणि सूज ॲलर्जीची नसली तरी श्वासाची वाट बंद होऊ शकते. बांबोळीचं मेडिकल कॉलेज इस्पितळ लांब वाटत असेल तर म्हापशाचं जिल्हा इस्पितळ गाठा. पण घरी बसू नका.

आता तुमच्या पत्रातला श्रावण. तुमच्याकडे चवथीपर्यंत मासळी घरात येत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. मग जी वस्तू घरातच नव्हती तिने ओठ सुजवला कसा? यावर भांड्याचं उत्तर निघालं. भांड्याला लागलेल्या अंशानेही काहींना ॲलर्जी उठते, ते खोटं नाही. पण ज्या बाईला घासलेल्या ताटाला राहिलेला अंश बाधतो, तिला मे महिन्यात वाटीभर हुमण रिचवून रात्रभर शांत झोप लागली नसती. अन्नाची नेहमीची ॲलर्जी खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत उठते. तुमचा ओठ सुजला सकाळी. मधली अख्खी रात्र कुणी हिशेबात धरली नाही.

यात घरच्यांचा तसा दोष नाही. आपण दिवसातून चार वेळा तोंडात काही ना काही घालतो, त्यामुळे ओठ केव्हाही सुजला तरी तो कुठल्या तरी जेवणानंतरच सुजणार. त्या आदल्या रात्री तुमच्याकडे मुगागाठी असती तर कुणी मुगावर संशय घेतला नसता. सुंगटांचं नाव आधीच खराब आहे, म्हणून ती सापडली.

उलट बाजूही सांगते, कारण तुमच्यासारख्याच दुसऱ्या कुणाला ती लागू पडेल. “इतकी वर्षं खातोय, आजच कशी ॲलर्जी होईल?” असं लोक म्हणतात. होते. सुंगटं, कुर्ल्या, तिसऱ्या यांची ॲलर्जी चाळिशीनंतरही नव्याने सुरू होऊ शकते. म्हणजे वर्षानुवर्षं खाल्लंय म्हणून सुटका नाही, आणि आदल्या रात्री खाल्लं म्हणून शिक्षाही नाही. डॉक्टर बघतात ती वेळ, सुजेची जात आणि पुन्हा खाल्ल्यावर पुन्हा होतं का हे.

ओठ सुजलेला माणूस समोर आला की डॉक्टर प्रयोगशाळेचा कागद शेवटी उचलतात. आधी बघतात आणि विचारतात. दोन्ही ओठ की एक? कातडी लाल, खरबरीत, सोललेली आहे की तुकतुकीत, ताणलेली? दाबल्यावर दुखतं का, आत एखादी किडलेली दाढ आहे का? मुंगी, गांधीलमाशी? खाज होती का, अंगावर गांध्या उठल्या का? किती तासांत चढली, किती दिवसांत उतरली? मधूनमधून कारण नसताना पोटात असह्य कळा येतात का? घरात आणखी कुणाला असं होतं का? आणि औषधं कुठली? या शेवटच्या प्रश्नाला माणसं सर्रास “काही नाही” म्हणतात, कारण रोजची गोळी त्यांना औषध वाटेनाशी झालेली असते. तुमच्या पत्रातही ती शेवटच्या ओळीत, ओझरती आलीय. मी मात्र तिथेच थांबले.

खोलवरच्या अशा सुजेला डॉक्टर अँजिओएडेमा म्हणतात. तिच्या मुख्य जाती दोन. पहिलीत हिस्टामीन नावाचं रसायन सुटतं: खाज येते, बहुतेकदा अंगावर पित्त उठतं, सूज भरभर चढते आणि सहसा दिवसभरात ओसरते, सेट्रिझिनसारख्या गोळ्यांना दाद देते. दुसरीत ब्रॅडिकायनिन नावाचं वेगळंच रसायन साचतं: खाज नाही, पित्त नाही, सूज सावकाश चढते, दोन-तीन दिवस रेंगाळते आणि ॲलर्जीच्या गोळ्या-इंजेक्शनांना फारशी जुमानत नाही. तुमची सूज इंजेक्शननंतर उतरायला दोन दिवस लागले. एवढ्या वेळात ती इंजेक्शनाशिवायही उतरली असती. तुमचं वर्णन कुठल्या जातीकडे झुकतंय ते तुम्हालाही दिसेल. पत्रावरून मी निदान करणार नाही, कुणी करूही नये. पण कुठे बघायचं ते नक्की सांगू शकते.

बीपीच्या गोळीची स्ट्रिप हातात घ्या. मोठ्या अक्षरांतलं कंपनीचं नाव सोडा, त्याच्या जवळ मूळ औषधाचं नाव छापलेलं असतं ते वाचा. त्याचा शेवट ‘प्रिल’ असा आहे का? एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल. एकाच गोळीत दोन औषधं असतील तर दोन्ही नावं बघा. हा सगळा एसीई इनहिबिटर नावाचा गट आहे. औषधं चांगली आहेत, हृदय आणि मूत्रपिंड सांभाळतात, लाखो लोक बिनतक्रार घेतात. पण शरीरात ब्रॅडिकायनिन मोडण्याचं काम जे एन्झाइम करतं, तेच ही गोळी अडवते. हजारात साधारण एक ते सात जणांना त्यातून अशी सूज येते, आणि ती बहुतेकदा ओठ, जीभ, चेहरा यांवरच.

इथे दोन गैरसमज डॉक्टरांनाही कधी कधी चकवतात. पहिला, गोळी चार वर्षं सोसली म्हणजे ती निर्दोष. ही सूज गोळी सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात येऊ शकते, तशी कित्येक वर्षांनीही येते. दुसरा, गोळी रोज घेते, मग सूज रोज का नाही? ती अशीच लहरी असते, मधे महिने कोरडे जातात. त्यातून तुम्ही एप्रिलपासून साखरेची गोळी घेताय. तिचंही मूळ नाव वाचा. ‘ग्लिप्टिन’ने संपत असेल, म्हणजे विल्डाग्लिप्टिन किंवा सिटाग्लिप्टिनसारखं, तर या गटाच्या जोडीने घेताना ओठ सुजण्याची शक्यता वाढते, विल्डाग्लिप्टिनच्या बाबतीत हे विशेष नोंदवलं गेलंय. एप्रिलमध्ये गोळी, मेमध्ये पहिली सूज. हा योगायोग असू शकतो, पण डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवा असा. आणि कोरडा, घसा खवखवणारा खोकला महिनोन्महिने मागे लागला असेल तर तोही सांगा. या गोळ्यांचा तो नेहमीचा उपद्रव, आणि आपल्याकडे पावसाळी हवेवर ढकलला जातो.

जाता जाता: या गटाची औषधं ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघाली. काजूही पोर्तुगीजांनी ब्राझीलहूनच आणला. गोव्यातल्या ओठांशी त्या देशाचं काहीतरी जुनं देणं-घेणं दिसतं. काजूकडे मी येणारच आहे.

स्ट्रिपवर ‘प्रिल’ सापडलं तर पुढचा डोस घेण्याआधी गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा आणि एका वाक्यात सांगा: “ही गोळी चालू असताना तीनदा ओठ सुजला, खाज नव्हती.” मनाने बंद करून गप्प राहू नका, बीपी चढेल. पण भेटायची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली म्हणून आठवडाभर तीच गोळी घेतही राहू नका. दुसऱ्या गटाची गोळी त्याच दिवशी सुरू करता येते. अ‍ॅम्लोडिपिनसारखी वेगळ्याच जातीची, किंवा नावाचा शेवट ‘सार्टन’ असलेली. सार्टनवर अशी सूज फार थोड्यांना येते, तरी कोणती द्यायची ते डॉक्टरांनी ठरवायचं.

मग यजमान विचारतील, गोळीच कारण होती हे सिद्ध करणारी तपासणी कुठली? अशी तपासणी नाही. गोळी थांबवायची आणि वाट बघायची, हीच तपासणी. आणि घाई केली तर तीही फसते: गोळी बंद केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत एखादी सूज पुन्हा येऊ शकते. तेव्हा “बघ, गोळी नव्हतीच, सुंगटंच होती” असं म्हणायला घरातून कुणीतरी पुढे येईल. त्यांना थांबवा. दोन-तीन महिने जाऊ द्यायचे असतात.

आता ती दीडशे पदार्थांची तपासणी. तीत रक्तातले आयजीई नावाचे प्रतिपिंड मोजतात. एखाद्या पदार्थाविरुद्ध ते सापडले याचा अर्थ शरीराने तो पदार्थ नोंदवून ठेवलाय, एवढाच. खाल्ल्यावर त्रास होईलच असं त्यातून कळत नाही. सुंगटांच्या बाबतीत तर मोठीच गंमत आहे. आपल्या दमट हवेत गाद्या-उश्यांत वाढणारे धुळीचे बारीक किडे, झुरळं आणि सुंगटं, या सगळ्यांत ट्रोपोमायोसिन नावाचं जवळजवळ सारखं प्रथिन असतं. म्हणून सकाळी उठल्याबरोबर धुळीने शिंका येणाऱ्या माणसाच्या अहवालात सुंगटांपुढे ‘पॉझिटिव्ह’ उमटू शकतं, मग तो आठवड्यातून चारदा सुंगटं खाऊन ठणठणीत का असेना. तुमच्या अहवालात तसं आलं तर काय होईल? जावेवरचा आळ कागदोपत्री पक्का होईल, गोळी चालूच राहील आणि चौथ्या वेळी सूज जिभेवर येईल की काय याची धास्ती मला राहील. पैसे वाया जाण्यापेक्षा मला या चुकीच्या समाधानाची जास्त भीती वाटते.

‘फूड इनटॉलरन्स’च्या नावाखाली आयजीजी नावाचे दुसरे प्रतिपिंड मोजणारी तपासणी तर ओठाच्या सुजेसाठी करूच नका. खाल्लेल्या अन्नाविरुद्ध आयजीजी धडधाकट माणसातही असतात. त्या अहवालावर विसंबून दूध, गहू, अंडी सोडून वाळत गेलेली माणसं दिसतात, आणि ओठ सुजायचा तो सुजतोच.

याचा अर्थ तपासण्या निरुपयोगी असा नाही. आधी संशय, मग तपासणी, एवढा क्रम पाळला की त्या बोलतात. खाल्ल्यावर अर्ध्या तासात खाज सुटून ओठ सुजला असेल तर त्याच एका पदार्थाची स्किन प्रिक चाचणी करतात: हातावर थेंब, हलकीशी टोच, पंधरा-वीस मिनिटांत फुगवटा दिसतो का ते बघायचं. त्याआधी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी ‘नाही’ म्हणते. तरीही शंका उरली तर इस्पितळात, डॉक्टरांच्या नजरेखाली, तो पदार्थ थोडाथोडा वाढवत खायला देतात. अन्नाच्या ॲलर्जीबद्दल सर्वात खात्रीचं उत्तर त्यातूनच मिळतं, आणि म्हणूनच तो प्रयोग घरी करायचा नाही. सूज ऐन भरात असताना, विशेषतः चक्कर किंवा धाप असेल तर, पहिल्या काही तासांत रक्तातलं ट्रिप्टेज नावाचं एन्झाइम मोजलं की तीव्र ॲलर्जी होती का याचा माग लागतो. दुसऱ्या दिवशी गेलात तर तो पुसलेला असतो.

तुमच्या स्ट्रिपवर ‘प्रिल’ नसलं तर? मग डॉक्टरांना सी-4 या रक्तातल्या प्रथिनाच्या तपासणीबद्दल विचारा. खाज आणि पित्ताशिवाय वारंवार येणाऱ्या सुजेत ती पहिली पायरी असते. सी-4 कमी आलं तर सी-1 इनहिबिटर नावाचं प्रथिन कमी पडतंय का, हे बघतात. ते जन्मजात कमी असण्याचा आजार अंदाजे पन्नास हजारांत एकाला असतो. तो बहुधा लहानपणी किंवा वयात येताना डोकं वर काढतो, पोटात कळा आणतो, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी बळावतो. तुमच्या वयात नव्याने दिसला तर तो जन्मजात नसून नंतर जडलेला असू शकतो, त्याच्या तपासण्या आणखी वेगळ्या. शिवाय गुडघेदुखीसाठी अधूनमधून घेतलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकही लक्षात आणा. ती “औषध” म्हणून कुणालाच आठवत नाही. आणि हेही ऐकून ठेवा, की सगळं तपासून कारण न सापडलेल्या सुजा कमी नसतात. त्यांनाही उपचार आहेत, बहुतेकदा रोजची ॲलर्जीची गोळी काही महिने. कारण सापडलं नाही म्हणजे डॉक्टर कच्चा असं नव्हे.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. सूज उन्हाळ्यातच येत असेल, ओठांच्या कडा लाल होऊन खाजत असतील, बारीक पुरळ येऊन कातडी सोलत असेल, तर आंबा चोखून खाता का ते बघा. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उतणं काय असतं ते जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. आंब्याच्या सालीतल्या चिकाने आणि काजूच्या कवचातल्या तेलाने त्याच जातीची, जरा सौम्य बाधा होते. ती एक-दोन दिवसांनी उठते, म्हणून आज खाल्लेल्या आंब्याकडे कुणाचं बोट जात नाही. साल काढून, फोडी करून खाल्ला तर पुष्कळांना आंबा चालतो. काजूगराची ॲलर्जी हा वेगळाच मामला. ती मिनिटांत उठते आणि जिवावर बेतू शकते, तिथे “थोडासा खाऊन बघ” नाही. कवचाच्या तेलाने हात उतणाऱ्याला भाजलेला गर चालू शकतो, आणि गर न चालणाऱ्याला हात लावायला काजू चालू शकतात. डॉक्टरांना सांगताना ‘काजूची ॲलर्जी’ एवढंच सांगू नका.

लिपस्टिक, लिप बाम, दालचिनीच्या किंवा पुदिन्याच्या चवीची टूथपेस्ट यांनीही ओठ असेच सोलतात. तिथे पॅच टेस्ट: पाठीवर पट्ट्या लावून 48 तास ठेवतात, काढल्यावर एकदा आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. त्वचारोग विभागात ही होते. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, आणि मे महिन्यात गोव्यात हे सोपं नाही, म्हणून शक्य तर थंडीतली तारीख घ्या.

बांगडे खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होऊन डोकं ठणकलं, आणि पंगतीतल्या आणखी दोघा-तिघांचं तेच झालं, तर ॲलर्जीऐवजी बर्फाची चौकशी करा. नीट गार न ठेवलेल्या बांगड्यात, ट्यूनात हिस्टामीन तयार होतं आणि ते तळून-शिजवून जात नाही. त्यासाठी आयुष्यभर बांगडा सोडायचं कारण नाही, मासळीवाली बदला.

ओठ उतरतच नसेल, महिनोन्महिने जाड आणि रबरासारखा राहत असेल, तर ती या लेखातली सूज नव्हे. तिथे ओठाचा लहानसा तुकडा काढून तपासतात, आणि आतड्याच्या क्रोन्स आजाराबद्दलही विचारतात. तंबाखू खाणाऱ्याच्या ओठावर तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर वाट बघायची नाही.

ताई, डॉक्टरांकडे जाताना फाइल जाडी नको. तीन गोष्टी न्या. सुजलेल्या ओठाचे फोटो, समोरून आणि बाजूने, तारीख-वेळेसकट. कारण भेटीची वेळ येईपर्यंत ओठ हमखास नॉर्मल झालेला असतो आणि “सुजला होता” या शब्दांवर डॉक्टरांना फार काही करता येत नाही. सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा, चूर्णं आणि काढेसुद्धा. आणि तिन्ही सुजांची एका कागदावर टिपणं: केव्हा लक्षात आली, आदल्या दिवसभरात काय खाल्लं, कुठलं औषध नवं होतं, किती तासांनी गेली. सुरुवात बीपीच्या डॉक्टरांपासून करा. गरज लागली तर तेच पुढे पाठवतील.

डॉक्टरांचं मत होईपर्यंत सुंगटं थांबलेलीच राहू द्या. पण ताट-वाटी आजच पुन्हा सगळ्यांच्यात ठेवा, त्याला काही आधार नाही. आणि जावेला निदान पक्कं व्हायची वाट न बघता फोन करा. श्रावणातल्या सुजेचा हिशेब तिला सांगा, तेवढा तिच्या बाजूने पुरेसा आहे.

गोळीच कारण ठरली तर केस पेपरवर ठळक लिहून घ्या, की हा अख्खा गट पुन्हा कधीही द्यायचा नाही. एनालाप्रिल बाधलं म्हणून रॅमिप्रिल चालेल असं नसतं. फोनमध्ये फोटो ठेवा, आणि दाताच्या डॉक्टरांना, ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्यांना न विचारता सांगा. नवी गोळी सुरू झाली की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बीपी पुन्हा मोजून घ्या.